तोडलेला हात आणि तालुक्याचा वार्ताहर

दर वर्षी 17 सप्टेंबरला हिमायतनगरात, म्हणजे जुन्या वाढोण्यात, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होते. स्वामी रामानंद तीर्थांचे स्मरण होते, उमरीच्या बँकेची हकिकत पुन्हा सांगितली जाते, आणि ते उचितच आहे. शोएबुल्ला खान हे नाव मात्र या भाषणांत क्वचितच ऐकू येते.

खान हे उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. ते ज्या ‘रय्यत’ पत्रात काम करीत, ते निजाम सरकारने बंद पाडले. तेव्हा बुर्गुल रामकृष्णराव यांच्या साहाय्याने त्यांनी नोव्हेंबर 1947 मध्ये ‘इमरोज’ हे दैनिक काढले. रझाकारांचे अत्याचार उघड करावेत आणि संस्थानाच्या विलीनीकरणाचा आग्रह धरावा, हे त्यांनी उर्दूत केले. सारे मर्म येथेच आहे. मराठी वा तेलुगू पत्राला ‘ते परक्यांचे’ म्हणून बाजूस सारता येत असे. दरबाराच्याच भाषेत, त्याच समाजातील तरुणाने लिहिलेले कसे नाकारावयाचे? रझाकारांचे नेते कासिम रझवी हे लातूरचे वकील. (हेही आपल्या भाषणांत सहसा येत नाही.) विरोधात उठणारे हात तोडण्याची भाषा त्यांच्या सभांतून होत होती. 21 व 22 ऑगस्ट 1948 च्या मधल्या रात्री, कचेरीतून घरी परतणाऱ्या खानांवर हैदराबादच्या काचीगुडा भागात गोळ्या झाडण्यात आल्या व त्यांचा हात तोडण्यात आला. वय अवघे 27. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी, 13 सप्टेंबरला, भारतीय फौजा संस्थानात शिरल्या.

पत्र बंद पाडावयास निजामाला हुकूम काढावा लागला. आज तितकेही कष्ट नकोत. तालुक्याच्या वार्ताहरास बहुधा वेतन नसते. जाहिराती आणाव्यात आणि त्यावरील टक्केवारीत संसार चालवावा, अशी रीत आहे. ज्याच्या रस्त्याचे डांबर पहिल्या पावसात वाहून गेले, त्याच कंत्राटदाराकडे वाढदिवसाची जाहिरात मागावयास जायचे असेल, तर डांबराची बातमी लिहिणार कोण? तरीही कोणी लिहितो. राजापूरचे शशिकांत वारिशे यांना फेब्रुवारी 2023 मध्ये वाहनाखाली चिरडण्यात आले, ते त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा केला आहे. परंतु तो हल्ल्याची दखल घेतो, वार्ताहराच्या चुलीची नाही.

येत्या 17 सप्टेंबरलाही दैनिकांच्या विशेष पुरवण्या निघतील. त्यांत शोएबुल्ला खानांना अर्धे पान द्यावे, आणि त्या पुरवणीच्या जाहिराती गोळा करीत हिंडणाऱ्या वार्ताहरास त्या महिन्यापासून निश्चित वेतन सुरू करावे.