गळ्याच्या गांठीचें भय

कंठाजवळील थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग जगांत वाढत आहे, हें ऐकून आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील कांहीं बंधु फवारणीस, तर कांहीं मिठांतील आयोडिनास दोष देतात. त्यांनीं दक्षिण कोरियाकडे पाहावें. तेथें सोनोग्राफीनें सरसहा गळे तपासण्याची चाल पडली आणि १९९३ पासून २०११ पर्यंत या रोगाच्या नोंदी सुमारें १५ पट झाल्या. मृत्यूंचें प्रमाण मात्र जवळजवळ होतें तेथेंच राहिलें. वाढला तो बव्हंशी शोध, असें आमचें मत आहे.

किरणोत्सर्ग हें मात्र निःसंशय कारण होय. १९८६ सालीं चेर्नोबिल येथें स्फोट झाला, तेव्हां किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर पडून दुधावाटे मुलांच्या पोटांत गेलें. डेअरीस दूध घालणाऱ्यांस ही गोष्ट चटकन् उमगेल. फवारणीवरील आरोप अद्याप सिद्ध नाहीं. तिचे इतर अपाय पुष्कळ आहेत, तो विषय निराळा. शेजारीं बार्शीस १९८७ पासून ठेवतात तशी कर्करोगाची नोंद गांवोगांव झाल्यावांचून असल्या वादाचा निवाडा कसा व्हावा?

गळ्यास गांठ लागली किंवा आवाज बसून राहिला, तर डॉक्टरांस अवश्य दाखवावें. लक्षण नाहीं, घरांत कोणास हा रोग नाहीं, अशानें निव्वळ भयानें सोनोग्राफीच्या मागें लागूं नये. सबंध ग्रंथि काढल्यास जन्मभर गोळी घ्यावी लागते, आणि शस्त्रक्रियेपायीं दावणीचा बैल जातो तो निराळाच. मीठ मात्र आयोडिनयुक्तच आणावें. गोठ्यांतलें खडेमीठ चुलीपाशीं नेऊं नये.