विश्लेषण : पाणी शुद्ध होईल, पण गाळाचे काय?

मुंबईतील सात नव्या मलजल प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी 19 जानेवारी 2023 रोजी झाली. सर्वांची मिळून क्षमता दररोज 2,464 दशलक्ष लिटर. त्यांपैकी मालाड, वर्सोवा, घाटकोपर आणि भांडुप उपनगरांत आहेत. चर्चा होते ती खाडी किती स्वच्छ होणार याची. पाण्यातून काढलेली घाण कुठे जाणार, हे क्वचितच विचारले जाते.

पाणी शुद्ध कसे होते?

आधी जाळ्यांवर प्लास्टिक, चिंध्या अडवतात. मग वाळू खाली बसू देतात. खरे काम पुढच्या टाकीत. तेथे हवा सोडून जिवाणू वाढवले जातात. पाण्यात विरघळलेली सेंद्रिय घाण ते खातात, त्यांचे पुंजके होतात, तळाशी बसतात आणि वरचे पाणी नितळ होते. म्हणजे घाणीचा काही भाग वायू होऊन जातो. उरलेली गाळाच्या रूपाने केंद्रातच राहते.

गाळ किती निघेल?

घाटकोपरच्या केंद्राची नियोजित क्षमता रोज 337 दशलक्ष लिटर आहे. एक हजार लिटरमागे 200 ग्रॅम कोरडा गाळ धरला, तर तो सुमारे 67 टन होतो. पण यंत्राने पिळल्यावरही गाळात जवळपास 80 टक्के पाणी उरते. म्हणजे वाहून न्यायचे वजन रोज सव्वातीनशे टनांहून अधिक, दहा टनी ट्रकच्या तीसेक खेपा. आणि हे एकाच केंद्राचे.

हवाबंद टाकीत काही आठवडे कुजवल्यास गाळ घटतो आणि त्यातून मिथेन मिळतो. तोच जाळून केंद्राच्या विजेचा काही भाग भागवता येतो. उघड्यावर वाळवणे स्वस्त खरे, पण चार महिने पावसाच्या आणि जागेला महाग असलेल्या मुंबईत ते शक्य नाही.

खत का नको?

निव्वळ घरगुती मलजलाचा गाळ नीट कुजवून, जंतू मारून शेतीला देता येतो. अडचण धातूंची आहे. लघुउद्योगांचे, विशेषतः मुलामा देणाऱ्या कारखान्यांचे पाणी गटारात मिसळले, तर त्यातील क्रोमियम, निकेल जिवाणू खाऊ शकत नाहीत. ते बहुतांशी गाळात साठतात. असा गाळ शेतकऱ्याच्या माथी मारता येणार नाही. तेव्हा गाळाची तपासणी केंद्राच्या दारात नव्हे, कारखान्याच्या गटारापासून सुरू करावी लागेल आणि तिचे आकडे महापालिकेला पाण्याच्या आकड्यांसोबतच जाहीर करावे लागतील.