दोघींपैकी कुणावर विश्वास ठेवायचा?

अन्याय झालेल्या बाईच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हा आपल्या चळवळीचा पहिला धडा. तो मी सोडलेला नाही. पण त्या शब्दावर दुसऱ्या बाईचा जीव टांगलेला असेल तर? अठराव्या शतकातल्या लंडनची एक हकिकत वाचल्यापासून हा प्रश्न मला छळतो आहे.

त्या काळी लंडनमध्ये चोरी, खून, फाशी यांच्या हकिकती छोट्या पुस्तिकांमधून छापून विकल्या जात. १७५३ साली त्यांचा विषय होती एलिझाबेथ कॅनिंग, अठरा वर्षांची मोलकरीण. १ जानेवारीला ती बेपत्ता झाली आणि २९ तारखेला उपाशी, खंगलेली अशी आईच्या घरी परतली. तिने सांगितले की, दोन पुरुषांनी तिला ओढत एका घरात नेले. तिथल्या म्हातारीने वाईट मार्गाला लागतेस का, असे विचारले. नकार देताच अंगातली ताठ चोळी कापून घेतली आणि माळ्यावर कोंडले. पावाचे तुकडे आणि पाणी यांवर तिने दिवस काढले.

एनफिल्ड वॉश इथल्या सुझाना वेल्सच्या घरात कॅनिंगने बोट दाखवले ते मेरी स्क्वायर्सकडे. ती भटक्या जिप्सी जमातीतली वृद्धा. त्या दिवसांत ती दूर डॉर्सेट परगण्यात होती, असे सांगणाऱ्या साक्षीदारांवर न्यायालयाने विश्वास ठेवला नाही. तिला फाशीची शिक्षा झाली. कशासाठी? मुलीला चार आठवडे कोंडल्याबद्दल नव्हे, तर दहा शिलिंगांची चोळी लुटल्याबद्दल! बाईच्या देहापेक्षा मालमत्तेची किंमत जास्त.

मग लंडनच्या महापौरांनी, क्रिस्प गॅस्कॉइन यांनी, पुन्हा चौकशी केली. स्क्वायर्सला माफी मिळाली. १७५४ मध्ये कॅनिंग खोट्या शपथेबद्दल दोषी ठरली आणि तिला अमेरिकेतल्या वसाहतीत धाडण्यात आले. १७७३ मध्ये ती तिकडेच वारली. ते चार आठवडे ती नेमकी कुठे होती, हे आजवर ठरलेले नाही.

या काळात पुस्तिकांचा पाऊस पडला. कादंबरीकार आणि दंडाधिकारी हेन्री फील्डिंग यांनी कॅनिंगची बाजू घेतली, जॉन हिल यांनी त्यांना उत्तर दिले. एक पक्ष म्हणे, एवढी भोळी पोर खोटे रचूच शकणार नाही. दुसरा म्हणे, चोरून बाळंत व्हायला गेली असेल. दोन्ही पक्ष तिचे चारित्र्यच तोलत होते. स्क्वायर्सच्या वाट्याला आली ती तिच्या कुरूप चेहऱ्याची चर्चा. आणि त्याच घरातली व्हर्च्यू हॉल? तुरुंगाचा धाक दाखवल्यावर तिने फील्डिंगसमोर कॅनिंगला दुजोरा दिला आणि पुढे महापौरांसमोर तो मागे घेतला. तिला खोटारडी म्हणणे सोपे आहे. पण समोर तुरुंगाची किल्ली हातात घेतलेला माणूस बसला असेल, तर तिने काय बोलावे?

भटक्या जमातीची म्हणून संशय, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. याच इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून इथल्या अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या, तरी पारधी बाईकडे बघणारी नजर अजून बदललेली नाही.

म्हणून मला वाटते, विश्वास ठेवणे म्हणजे चौकशी थांबवणे नव्हे. तिचे म्हणणे धाक न घालता, घाई न करता, तिच्याच शब्दांत ऐकायचे. आणि जिच्यावर आरोप आहे तीही बाई असेल, तिच्या मागे ना जात ना पैसा उभा असेल, तर तिच्याकडेही तितक्याच धीराने जायचे.

आणखी एक. आपणही आपल्या अहवालांत ‘गरीब बिचारी’, ‘निष्पाप’ अशी विशेषणे पेरतो. मीही पेरली आहेत. वाचणाऱ्याला कळवळा यावा एवढाच हेतू असतो. पण ज्या बाईला ती लागू पडत नाहीत, जी भांडखोर आहे, जिचे जबाब बदलतात, तिच्यासाठी आपण दार बंद करत असतो. मैत्रिणींनो, पुढचा अहवाल लिहिताना ही विशेषणे गाळून पाहू या. न्याय मागायला बाईने भोळे असण्याची गरज नाही.