एक वर्ष आणि एक दिवस

चकल्यांचा पहिला घाणा कढईत होता. सौ.ने दोनदा हाका मारल्या, तरी आमच्या कन्येची ओ नाही. जाऊन पाहतो तो बाईसाहेब पुस्तकात बुडालेल्या! महिन्यापूर्वीच मी बजावले होते, "परीक्षा होईपर्यंत असली पुस्तके बंद." तिनेही मुकाट्याने "हो बाबा" म्हटले होते. मी पुस्तक जप्त केले.

जप्तीचा माल चाळावा म्हणून उघडला आणि फसलो. तो होता दुसरा भाग. पहिल्यावाचून काही उमगेना. शेवटी आरोपीकडेच पहिला भाग मागण्याची पाळी न्यायाधीशावर आली!

लेखिका अमेरिकेतल्या होली ब्लॅक. पहिला भाग 'द क्रुएल प्रिन्स' २०१८ सालचा. दुसरा, 'द विकेड किंग', २०१९ चा. पऱ्या म्हटल्या की आपल्याला गुलाबी पंख आठवतात. या पऱ्या तसल्या नव्हेत. त्यांचा सेनापती मॅडॉक सात वर्षांच्या ज्यूडच्या आईबापांना ठार करतो आणि तिला बहिणींसह परीलोकात नेऊन स्वतःच वाढवतो. तिथे धाकटा राजपुत्र कार्डन 'मर्त्य' म्हणून तिचा छळ मांडतो. पण या जातीला खोटे बोलता येत नाही. शब्द फिरवून फसवता येते, एवढेच. खोटे बोलणे हे माणसाचे शस्त्र! ज्यूड डाव रचून कार्डनकडून एक वर्ष आणि एक दिवस आपली आज्ञा पाळण्याचे वचन घेते, आणि त्याच्या मनाविरुद्ध त्यालाच गादीवर बसवते.

दुसऱ्या भागात गादीवर तो आणि हुकूम तिचा. समुद्रतळीच्या राणीशी झुंज, दरबारातली कारस्थाने, आणि मधूनच या दोन वैऱ्यांची एकमेकांकडे ओढ. यात नवे ते काय? आपला कचही शत्रूच्या गोटात विद्येसाठी गेला आणि देवयानीचा जीव त्याच्यावर जडला. मला गुंतवले ते निराळ्या गाठीने. ज्याला आज्ञा मोडताच येत नाही, त्याच्या मनातले ओळखायचे कसे? आणि मोकळे सोडले तर तो सूड घेणार नाही कशावरून? शेवटी तो तिला मागणी घालतो. बदल्यात वचनातून सुटका मागतो. ती देते. आणि मोकळा झालेला राजा थोड्याच वेळात राणीलाच हद्दपार करतो!

मी चडफडलो. "याला काय प्रेम म्हणायचे?"

"बाबा," कन्या शांतपणे म्हणाली, "हुकमाखाली असताना तो करायचा ते त्याचे नव्हतेच. आता करतोय ते त्याचे आहे. म्हणून तर तिसरा भाग वाचायचा."

मला ते महिन्यापूर्वीचे "हो बाबा" आठवले. त्याआधीचीही पुष्कळ आठवली. आवाज न चढवता मी विचारले, "परीक्षेचे काय?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला ती द्यायचीच नाहीये. तुम्ही म्हणालात म्हणून फॉर्म भरला."

ज्यूडच्या हुकमाला निदान मुदत तरी होती. आमच्या घरचा चांगली एकोणीस वर्षे चालला, आणि मी त्याला आज्ञाधारकपणा समजत होतो!

परीक्षेचे अजून काही ठरलेले नाही. त्या दिवसापासून आमची दोनदा भांडणे झाली, तीही कडाक्याची. पण पूर्वी ती भांडत नसे. तिसरा भाग मीच विकत आणला आहे. पाडव्याच्या ओवाळणीनंतर आधी कोणी वाचायचा, यावर वाद चालू आहे.