एमपीटीचा फॉर्म: घर कर्नाटकात, पदवी महाराष्ट्रातली, मग दार कुठले?

फिजिओथेरपीची इंटर्नशिप संपत आली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांत एक चर्चा हमखास सुरू होते. एमपीटी करायची की नाही, आणि करायची तर कुठे? स्पेशलायझेशन कुठले घ्यायचे हा प्रश्न खरे तर पहिला असायला हवा. ऑर्थो, न्यूरो, कार्डिओ-रेस्पिरेटरी, स्पोर्ट्‌स, पीडियाट्रिक्स, कम्युनिटी अशा वाटा इथे फुटतात. पण सीमाभागात त्याआधीच दुसरा प्रश्न दारात उभा राहतो. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये रहिवास कुठला आणि पदवी कोणत्या विद्यापीठाची, असे दोन रकाने असतात. कोल्हापूर किंवा धारवाडच्या विद्यार्थ्याला ते भरायला अर्धा मिनिट लागतो. सीमाभागातला विद्यार्थी तिथेच अडकतो.

समजा, खानापूर तालुक्यातली एक मुलगी आहे. घरात मराठी, दहावी-बारावी तिथल्याच शाळा-कॉलेजात. पदवीसाठी ती महाराष्ट्रात गेली आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीटीएच झाली. तिचा चुलतभाऊ बेळगावातच राहिला आणि त्याने बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीटी घेतली. अंगण एकच, आडनाव एकच. पण पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी दोघांची गत वेगळी होते. भावाचे घर आणि पदवी दोन्ही कर्नाटकातले, त्यामुळे कर्नाटकात त्याला अडचण नाही, महाराष्ट्रात मात्र तो पूर्णपणे बाहेरचा. बहिणीची पदवी महाराष्ट्राची पण घर कर्नाटकात. ज्या नियमात फक्त रहिवास बघतात तिथे ती एका राज्यात बसते, ज्या नियमात पदवी बघतात तिथे दुसऱ्या राज्यात. जिथे दोन्ही मागतात तिथे ना इकडची ना तिकडची.

बारावीनंतरची ओळखीची दारे

सीमाभागातल्या पालकांची एक समजूत पक्की असते, की आपल्यासाठी महाराष्ट्रात वेगळी सोय आहे. ती खोटी नाही. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, तिथल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत सीमाभागाची स्वतंत्र तरतूद अनेक वर्षांपासून आहे. गावाचे नाव, मातृभाषा आणि दहावी-बारावीचे शिक्षण यांचे दाखले त्यासाठी लागतात.

कर्नाटकानेही अशीच सोय उलट्या बाजूने केलेली आहे, हे आपल्याकडे कमी बोलले जाते. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज या तालुक्यांत शिकलेल्या आणि कन्नड, तुळू किंवा कोडवा मातृभाषा असलेल्या मुलांना कर्नाटकाच्या सीईटीत ‘गडिनाडू’ कन्नडिग म्हणून पात्रता मिळते. केरळच्या कासरगोड भागासाठीही तसाच नियम आहे. म्हणजे सीमेच्या दोन्ही अंगांच्या सरकारांनी हे मान्य केले आहे, की नकाशावरची रेघ आणि घरातली भाषा जुळत नाही तिथे विद्यार्थ्याला थोडी वाट करून द्यायला हवी.

पण ही दोन्ही दारे मुख्यतः बारावीनंतरची आहेत. ‘पदवीला मिळाली म्हणजे एमपीटीलाही मिळणार’ हे गृहीत धरणे ही सीमाभागातली सगळ्यात महागात पडणारी चूक ठरू शकते. पदव्युत्तर प्रवेशाची माहिती पुस्तिका वेगळी असते आणि पात्रतेची व्याख्याही वेगळी असते. त्या वर्षीच्या पुस्तिकेत सीमाभागाचा उल्लेख स्पष्ट शब्दांत असेल तरच तो हक्क. नसेल तर शेजारच्या दादाला पाच वर्षांपूर्वी काय मिळाले याला काउन्सेलिंगच्या टेबलावर काही किंमत नाही.

सुप्रीम कोर्टाने काय म्हटले

२९ जानेवारी २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तन्वी बहल खटल्यात एक महत्त्वाचा निकाल दिला. वाद चंडीगडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या पदव्युत्तर जागांचा होता. पदव्युत्तर वैद्यकीय अभ्यासक्रमात केवळ रहिवासावर आधारित आरक्षण घटनेच्या कलम १४ च्या विरुद्ध आहे, असे कोर्टाने सांगितले. भारतात अधिवास एकच, तो म्हणजे भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास ही कल्पनाच कायद्याला धरून नाही, असा त्यामागचा विचार. एमबीबीएसला स्थानिकांना काही प्राधान्य देणे समजण्यासारखे आहे, पण तज्ज्ञ घडवण्याच्या टप्प्यावर गुणवत्ता बघायला हवी, ही १९८४ च्या प्रदीप जैन निकालापासूनची भूमिका या निकालाने पुन्हा ठाम केली.

सीमाभागात हा निकाल ऐकून अनेकांना बरे वाटले. रहिवासाची अट गेली तर आपली अडचणच गेली, असा साधा हिशोब. पण निकालाचा दुसरा भाग तितकाच वजनदार आहे. त्याच संस्थेत किंवा विद्यापीठात पदवी घेतलेल्यांना वाजवी मर्यादेत प्राधान्य द्यायला कोर्टाने हरकत घेतलेली नाही. म्हणजे ‘तुमचे घर कुठे’ हा प्रश्न मागे सरला, तर ‘तुम्ही शिकलात कुठे’ हा प्रश्न पुढे येतो. वरच्या उदाहरणातल्या बहिणीला याचा फायदा होऊ शकतो, भावाला महाराष्ट्रात होणार नाही.

आणखी एक गोष्ट. हा निकाल एमडी-एमएसच्या जागांबद्दल आहे, फिजिओथेरपीच्या नाही. तिकडे नीट-पीजी नावाची एक देशव्यापी गुणवत्ता यादी तयार असते. एमपीटीला तशी यादी नाही. महाराष्ट्रात सीईटी सेलची वेगळी परीक्षा, अभिमत विद्यापीठांच्या आपापल्या परीक्षा, कटकजवळच्या स्वामी विवेकानंद राष्ट्रीय पुनर्वसन संस्थेसारख्या केंद्रीय संस्थांची आणखी वेगळी. समान मोजपट्टीच नसेल तर फक्त गुणवत्तेवर प्रवेश द्या असे म्हणून भागत नाही. कुठल्या परीक्षेची गुणवत्ता, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

ही वेळ का आली

याचे मूळ फिजिओथेरपीच्या इतिहासात आहे. या विषयाचे औपचारिक शिक्षण देशात सुरू झाले ते १९५० च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात, पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर. नर्सिंगला १९४७ मध्ये, डेंटल आणि फार्मसीला १९४८ मध्ये केंद्रीय कायदा मिळाला. फिजिओथेरपीला तो मिळायला २०२१ उजाडले. मधली सत्तर वर्षे प्रत्येक राज्याने आपापल्या पद्धतीने चालवली. महाराष्ट्राने ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीसाठी स्वतःची परिषद उभी केली, दिल्लीने केली, गुजरातने २०११ चा कायदा केला. अनेक राज्यांत काहीच नव्हते. नियम राज्यागणिक बदलत गेले आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास राज्याच्या कडेला राहणाऱ्यांना झाला.

२०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात यावर उत्तर लिहिलेले आहे. पदवी आणि पदव्युत्तर दोन्ही पातळ्यांवर समान प्रवेश परीक्षा आणि सामाईक काउन्सेलिंगची व्यवस्था करणे हे आयोगाचे काम म्हणून कायद्यात नोंदले आहे. देशपातळीची नोंदवही आणि राज्य परिषदांच्या नोंदवह्या यांची तरतूद आहे. २०२५ मध्ये आयोगाने फिजिओथेरपीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम जाहीर केला. त्यात पदवी पाच वर्षांची असून शेवटचे पूर्ण वर्ष इंटर्नशिपचे आहे. आतापर्यंत ती साडेचार वर्षांची, सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसह होती. महाराष्ट्रात बीपीटीएचचे प्रवेश काही वर्षांपासून नीटच्या गुणांवर होतातच.

सीमाभागासाठी खरी आशा इथे आहे. एमपीटीला देशभर एकच परीक्षा आणि एकच काउन्सेलिंग आले, तर खानापूरच्या मुलीला दोन राज्यांच्या दोन व्याख्यांत स्वतःला बसवत फिरावे लागणार नाही. पण कायद्यातली ओळ आणि काउन्सेलिंगचे वेळापत्रक यांत अंतर असते. तोवर जुनेच नियम चालणार, हे धरून चाललेले बरे.

इंदूर, वडोदरा, हैदराबादच्या मराठी घरांचे काय

८६५ गावांची सोय इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबाला लागू होत नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मंडळी राज्याच्या नियमांनुसार तिथलीच रहिवासी आहेत आणि त्यांचा पहिला दावा आपल्या राज्यातल्या जागांवरच असतो. वडोदऱ्यातही तेच. हैदराबादेत तर ‘स्थानिक’ कोण हे मातृभाषेवर नाही, शाळेच्या वर्षांवर ठरते. एमबीबीएस-बीडीएससाठी बारावीपर्यंतची सलग चार वर्षे तेलंगणात शिकलेला तो स्थानिक, हा नियम सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्य केला. अकरावी-बारावीला मुलाला लातूर किंवा पुण्याला पाठवणाऱ्या हैदराबादच्या पालकांनी हा नियम आधी वाचावा. सगळीकडे सूत्र एकच दिसते: मराठी असणे हे नाते आहे, पण प्रवेशात मोजले जाते ते कुठल्या वर्गात किती वर्षे बसलात हे.

राज्याची अट नको असेल तर अभिमत विद्यापीठे उरतात. बेळगावात केएलई, कराडला कृष्णा. तिथे देशभरातून प्रवेश होतात आणि डोमिसाईलची कटकट नसते. त्याची भरपाई फीमध्ये होते. म्हणजे ज्याची परिस्थिती बरी त्याला सीमा आडवी येत नाही, ज्याला सरकारी किंवा कमी फीची सीट हवी त्यालाच येते. सीमाप्रश्नाची ही बाजू मोर्चात दिसत नाही.

परदेशाचा विचार असेल तर

‘एमपीटी केली की अमेरिकेत सोपे जाते’ असे अनेकदा सांगितले जाते. हे जपून घ्यावे. अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट होण्याची पहिलीच पदवी आता डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे डीपीटी आहे. बाहेर शिकलेल्यांची पदवी तिथल्या पदवीच्या तोडीची आहे का, हे विषयवार तपासले जाते आणि मग एनपीटीई ही परवाना परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमध्ये एचसीपीसीकडे नोंदणी लागते. दोन्हीकडे पदवीतले विषय आणि क्लिनिकल कामाचे तास हे तपशील महत्त्वाचे ठरतात. म्हणून बाहेर जायचे ठरले असेल तर सविस्तर सिलॅबस आणि इंटर्नशिपच्या नोंदी कॉलेज सोडण्याआधीच सही-शिक्क्यासह घेऊन ठेवाव्यात. नंतर त्यासाठी हेलपाटे घालणे फार जड जाते.

फॉर्म भरण्याआधी

ज्यांना यंदा अर्ज करायचा आहे त्यांनी दोन राज्यांच्या पुस्तिका शेजारी ठेवून फक्त पात्रतेचे पान वाचावे. रहिवास, पदवीचे विद्यापीठ आणि इंटर्नशिप पूर्ण होण्याची शेवटची तारीख या तीन ओळी खुणा करून ठेवाव्यात. इंटर्नशिप त्या तारखेनंतर दोन दिवसांनी संपत असेल तरी वर्ष जाऊ शकते. महाराष्ट्राचा डोमिसाईल दाखला साधारणपणे सलग १५ वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो, त्यामुळे पदवीपुरते हॉस्टेलमध्ये राहिलेल्यांनी त्यावर भिस्त ठेवू नये. कॉलेज निवडताना ज्या विषयात एमपीटी करायची त्याचा मान्यताप्राप्त गाईड तिथे आहे का, हे विचारावे, कारण पहिल्याच वर्षी प्रबंधाचा आराखडा द्यावा लागतो. आणि शिकून व्यवसाय ज्या राज्यात करायचा तिथल्या परिषदेच्या नोंदणीचे नियमही आधी पाहावेत. महाराष्ट्रात नोंदणीशिवाय दवाखाना टाकता येत नाही.

जे आत्ता बारावीला आहेत त्यांच्यासाठी गोष्ट आणखी सरळ आहे. बीपीटीला कुठल्या राज्यात जायचे हे ठरवताना एमपीटीचा निम्मा निर्णय तिथेच होतो. तेव्हा पालकांनी फक्त चालू वर्षाची फी न बघता पुढची सात वर्षे बघावीत.

सरकारांकडून मोठी मागणी करण्याचीही गरज नाही. सीमाभागाची जी सोय दोन्ही राज्यांनी बारावीनंतर मान्य केली आहे, ती पदव्युत्तरच्या पुस्तिकेत लागू आहे की नाही हे दरवर्षी एका ओळीत स्पष्ट लिहावे. २००४ पासून सीमेचा दावा कोर्टात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. अर्धांगवायू झालेल्या माणसाला उठून बसवायला, ऊसतोडीने मोडलेली कंबर सरळ करायला खानापूर-निपाणीच्या गावांत शिकलेली माणसे आजच हवी आहेत. त्यातल्या एखादीचे वर्ष केवळ पुस्तिकेत ती ओळ नव्हती म्हणून वाया जायला नको.