अभिवादनातले ‘तू’ आणि ‘तुम्ही’

सावेडी हे अहिल्यानगर शहराचे झपाट्याने वाढलेले उपनगर. अशा नोकरदार वस्तीतील तरुणांच्या तोंडी ‘हाय’, ‘व्हॉट्स अप’, ‘हे ब्रो’ हे शब्द रुळले असतील, तर त्यात नवल नाही. वडीलधाऱ्यांना मात्र ते खटकतात. मराठीत ‘हाय’ हा दुःखाचा उद्गार. ‘हाय खाणे’ म्हणजे धीर सोडणे. त्याच शब्दाने कोणी भेटीचा आनंद व्यक्त करावा, हे जुन्या पिढीच्या कानाला न मानवणे स्वाभाविक आहे. तथापि हा वाद केवळ कानांचा नाही.

आज सभ्य वाटणारा ‘हॅलो’ हाही मूळचा हाक मारण्याचा रांगडा शब्द. दूरध्वनीचा जनक बेल याला ‘अहॉय’ हा खलाशांचा पुकारा पसंत होता. एडिसनने १८७७ मध्ये ‘हॅलो’ सुचविला आणि तोच टिकला. १ ऑक्टोबर २०२२ रोजी महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून, कर्मचाऱ्यांनी दूरध्वनीवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे, असे आवाहन केले. त्यामागील भावनेविषयी दुमत नसेल. परंतु जिभेवरचा शब्द परिपत्रकाने हलत नाही, हे कचेऱ्यांत वावरणारा कोणीही जाणतो. अभिवादनावर सत्ता गाजविण्याचा मोह नवा नाही. १७७९ मध्ये मुंबईच्या इंग्रज सरकारने, पेशवे दरबाराच्या आग्रहावरून, सोनार समाजाला ‘नमस्कार’ हा शब्द वापरण्यास मनाई केली होती. अभिवादनाने माणसाची पायरी ठरते, ही समजूत त्या मनाईच्या मुळाशी होती.

ही पायरी ठरविण्याचे काम मराठीत एकट्या अभिवादनावर पडत नाही. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ ही तीन सर्वनामे आणि त्यांमागून येणारी क्रियापदे नात्याचा तोल सांभाळतात. मित्राला ‘काय रे, कसं काय?’ म्हणणारा विद्यार्थी मुख्याध्यापकांसमोर आपसूक ‘नमस्कार सर, कसे आहात?’ म्हणतो, त्याला ते कोणी शिकवावे लागत नाही. इंग्रजीत ‘दाऊ’ हे एकवचनी सर्वनाम बोलीतून मागे पडल्यावर लहानथोर सर्वांना एकच ‘यू’ उरले. त्यामुळे आदर आणि सलगी यांतील फरक दाखविण्याचा भार तेथे संबोधनावर, स्वरावर आणि अभिवादनाच्या शब्दांवर आला. मराठी मुलाला इंग्रजी शब्द पाठ होतात, पण ही मेख ठाऊक नसते. म्हणून साहेबांना ‘तू’ म्हणण्याचे स्वप्नातही ज्याच्या मनात येणार नाही, तो नोकरीच्या मुलाखतीत ‘हाय’ म्हणून आत शिरतो. त्याच्या मनात उद्धटपणा नसतो. समोरच्याला मात्र तोच ऐकू येतो.

उलट बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. जून २००० पासून राज्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाऊ लागली. पण वर्गात शिक्षक येताच एका सुरात म्हटलेले ‘गुड मॉर्निंग, सर’ हीच पुष्कळ ठिकाणी संभाषणाची आदि आणि अंत. समवयस्काने सहज ‘व्हॉट्स अप?’ म्हटले, की हा मुलगा गोंधळतो. तो प्रश्न खरोखरच उत्तरासाठी विचारलेला असावा, असे समजून तो दिवसभराची हकिकत सांगू लागतो, किंवा गप्प बसतो. ‘काय म्हणता?’ या आपल्या प्रश्नालाही ‘काही नाही, चाललंय’ एवढेच उत्तर अपेक्षित असते, हे दाखवून दिले तर त्याची अडचण क्षणात दूर होईल. रात्री भेटताना ‘गुड इव्हनिंग’ आणि निरोप घेताना ‘गुड नाइट’, हा साधा भेदही त्याला असाच सांगावा लागतो.

तेव्हा अनौपचारिक शब्दांना वर्गाबाहेर ठेवून भागणार नाही, आणि तेच आधुनिकतेचे लक्षण मानूनही चालणार नाही. इंग्रजीच्या शिक्षकाने फळ्यावर ‘व्हॉट्स अप’ जरूर लिहावे. त्यासमोर ‘काय रे’ लिहावे, आणि ‘गुड मॉर्निंग, सर’ यासमोर ‘नमस्कार सर’. मग कोणता शब्द कोणापुढे उच्चारावा, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. ज्यांच्या घरात ‘अहो’ आणि ‘अरे’ यांचा विवेक रोज पाळला जातो, त्या मुलांना उत्तर अवघड जाणार नाही. इंग्रजी येत नाही म्हणून मुलाखतीच्या दाराशी खचणाऱ्या ग्रामीण तरुणाला, त्या भाषेतील शिष्टाचाराचे अर्धे ज्ञान आपल्या मातृभाषेने आधीच दिले आहे, एवढे तरी शाळेने सांगितले पाहिजे.