धडा आपल्याला पटतो तो कसा?



परीक्षेत प्रश्न येतो, 'या पाठातून कोणता बोध मिळतो?' आपण लिहितो, 'आईवर प्रेम करावे', आणि मोकळे होतो. मार्कही मिळतात. पण तो बोध आपल्याला का पटला, हे कोणी विचारीत नाही. माझ्या मते तेच आधी विचारावे.

'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतले. गुरुजींचे गाव पालगड. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्याआधी पालगड आणि आपले मालवण एकाच रत्नागिरी जिल्ह्यात होते. म्हणून त्यातले घर, विहीर आपल्या वाडीतलीच वाटतात.

एका गोष्टीत आंघोळ केलेल्या श्यामच्या तळव्यांना माती लागू नये, म्हणून आई आपले लुगडे पसरते. मग सांगते की, पायांना जपतोस तसे मनालाही जप. नुसता उपदेश असता तर आपण या कानाने ऐकून त्या कानाने सोडला असता. इथे आधी कृती आहे, बोलणे नंतर.

पोहण्याची गोष्ट मात्र नीट वाचायला हवी. श्याम पाण्याला भिऊन लपतो. आई त्याला मारून विहिरीवर पाठवते. तो पोहून आल्यावर मायेने जवळ घेते आणि विचारते, तुझ्या आईचे मुलगे भित्रे आहेत असे लोकांनी म्हटलेले तुला चालेल का? या प्रश्नाला 'नाही' हेच एक उत्तर आहे! शिवाय गोष्ट सांगतो कोण? मोठा झालेला श्याम. ज्याने मार खाल्ला तोच आईची बाजू घेतो, मग आपण काय बोलणार? आणि शेवटी श्याम पोहायला शिकतो, म्हणून मारही बरोबर वाटू लागतो. तो पाण्यात आणखी घाबरला असता तर आपण असेच म्हटले असते का?

यावर काहीजण म्हणतील, "एवढ्या मोठ्या पुस्तकाला नावे ठेवतेस?" नावे ठेवीत नाही. आईचे प्रेम खरेच आहे. आपण किनाऱ्यावरची मुले, पोहता आलेच पाहिजे, तेही खरे. पण काठी आणि प्रेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारायला बंदी केली आहे. घरीही काठीपेक्षा "भिया नको, मी आसंय" हे शब्द जास्त कामाचे.

तर मित्रांनो, पुढचा पाठ वाचताना तीन प्रश्न विचारा. सांगतो कोण? कोणाची बाजू आलेली नाही? शेवट वेगळा असता तर? मग बोध गाईडातून उतरवावा लागणार नाही, तो आपला स्वतःचा होईल.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी